अडीच बोटांचे अंतर

पन्नाशी उलटल्यावर माणसाला एखादा नवा छंद लागला, म्हणजे घरची माणसे प्रथम त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. फिल्मवर चालणारा, दोन भिंगांचा, जुना कॅमेरा विकत घेण्याचा बेत मी एका रविवारी सकाळी जाहीर केला, तेव्हा आमच्या घरीही हाच प्रकार घडला. पत्नीने हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, "अहो, अलीकडे झोप नीट लागते ना तुम्हाला?" मुलीने वादाचा मार्ग पत्करला. आपला फोन माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "बाबा, यात अकरा हजार फोटो आहेत. त्यांतले तुम्ही किती पाहिलेत?"

प्रश्न बिनतोड होता. अकरा हजारांपैकी अकरा फोटोही मी धडपणे पाहिलेले नव्हते. पण नेमक्या त्याच कारणासाठी मला तो कॅमेरा हवा आहे, हे तिला कसे पटवावे ते मला सुचेना. एका रिळात अवघे बारा फोटो येतात, असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा तर तिने आपल्या आईकडे अशा नजरेने पाहिले, की झोपेविषयीचा प्रश्न तिलाही रास्त वाटू लागला असावा.

माझी बाजू घेतली ती एकट्या आईने. ती खिडकीशी बसून तांदूळ निवडीत होती. ताटावरची नजर न उचलता, एक खडा अचूक वेचून बाजूला टाकीत ती म्हणाली, "घेऊ दे ग त्याला. लहानपणी मागत होता, तेव्हा कुठं दिला आम्ही?"

आईला हे आठवत असेल अशी माझी कल्पना नव्हती. आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर, एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या फोटोवाल्या काकांजवळ दोन डोळ्यांचा एक काळा कॅमेरा असे. इतर लोक कॅमेरा डोळ्याला लावतात हे मी चित्रांत पाहिले होते. काका मात्र तो पोटाशी धरीत, वरचे झाकण उघडीत आणि मान खाली घालून विहिरीत डोकवावे तसे त्या पेटीत पाहू लागत. वडिलांना बढती मिळाली त्या वर्षी आम्ही सारे नवे कपडे घालून त्या माडीवर गेलो. काका आमच्यासमोर आले आणि मान लववून उभे राहिले. मला वाटले, ते आम्हांला नमस्कार करीत आहेत. नमस्कार करणाऱ्याला उलट नमस्कार करावा, अशी घरची शिकवण होती. म्हणून मीही झटकन हात जोडले. त्याच क्षणी खटका दाबला गेला. तो फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. आईवडील, आत्या, धाकटी बहीण, सगळ्यांचे हात शिस्तीत खाली आहेत; मी तेवढा कीर्तनाला बसल्यासारखा हात जोडून उभा आहे. त्या दिवसापासून पुढे कित्येक महिने मी त्या पेटीसाठी हट्ट धरला होता.

ज्यांनी असा कॅमेरा पाहिला नसेल, त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन केले पाहिजे. तो एक उभट डबा असतो आणि त्याच्या पुढच्या अंगाला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरचे भिंग पाहण्यासाठी, खालचे टिपण्यासाठी. वरच्या भिंगातून आत आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो आणि तिथून वर वळून एका दुधी काचेवर चित्र उमटवतो. झाकण उघडून आपण पाहतो ते हे चित्र. खालच्या भिंगाशी शटर असते आणि त्याच्या पाठीमागे, काळोखात, फिल्म. दोन्ही भिंगे एकाच फळीवर जडवलेली असल्यामुळे बाजूचे चाक फिरवले की ती जोडीनेच पुढेमागे सरकतात. वरच्याला जे स्पष्ट दिसले ते खालच्यालाही स्पष्ट दिसत आहे असे आपण समजायचे आणि खटका दाबायचा. संसारातले पुष्कळसे व्यवहार अशाच विश्वासावर चालतात.

या व्यवस्थेचे दोन फायदे आहेत. एका भिंगाच्या कॅमेऱ्यात फोटो घेतला जात असताना आरसा वर उचलला जातो आणि ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच क्षण पाहणाऱ्याला दिसत नाही. इथे आरसा जागचा हलत नाही. त्यामुळे क्षणही डोळ्यांसमोरून जात नाही आणि आवाजही पान उलटल्याइतकाच होतो. दुसरा फायदा फिल्मचा. कोडॅक कंपनीने १९०१ साली काढलेली १२० क्रमांकाची फिल्म यात बसते, ती आजही मिळते आणि तिच्यावर जवळजवळ सहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोन उमटतो. तो मोठा न करता, नुसता कागदावर ठेवून छापला तरी माणसाचा चेहरा ओळखू येतो.

दोन भिंगांचे कॅमेरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही होते. परंतु ते लाकडी आणि अवजड. त्यांना खांद्याला अडकवण्याजोगे रूप दिले ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावच्या फ्रांके आणि हायडेके या जोडीने. या दोघांनी १९२० साली कारखाना काढला तो ठोकळेबाज, खोली दाखवणाऱ्या जोडचित्रांच्या कॅमेऱ्यांचा. त्या कॅमेऱ्यांना तीन भिंगे असत: कडेची दोन टिपणारी, मधले पाहणारे. पुढे त्यांतले एक टिपणारे भिंग गळाले, उरलेली दोन एकावर एक उभी राहिली आणि १९२९ साली रोलीफ्लेक्स बाजारात आला. त्यानंतर जपानात, रशियात, चीनमध्ये त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या.

या डब्याने पुष्कळ इतिहास पाहिला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या दिवसांतली दिल्ली, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंचे हसरे आणि थकलेले चेहरे त्यांनी टिपले. त्यांच्या कॅमेऱ्यांत रोलीफ्लेक्सही होता. तिकडे अमेरिकेत, शिकागो शहरात, लोकांची मुले सांभाळणारी व्हिव्हियन मायर नावाची बाई सुटीच्या वेळी रोलीफ्लेक्स गळ्यात घालून रस्त्यांवरून हिंडत असे. तिने एक लाखाहून अधिक फोटो काढले आणि जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत. सामान ठेवण्याच्या जागेचे भाडे थकले, म्हणून २००७ साली तिच्या पेट्यांचा लिलाव झाला आणि २००९ साली ती वारली. जगाला तिचे नाव कळले ते त्यानंतर. रस्त्यावरच्या माणसांना आपला फोटो निघतो आहे हे पुष्कळदा समजतही नसावे, असे ते फोटो पाहताना वाटते. मान खाली घालून उभ्या असलेल्या बाईकडे कोण लक्ष देतो?

आता निवडीविषयी. मुंबईच्या फोर्ट भागात, बोरा बाजारात, जुन्या कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. सुटीच्या एका दिवशी मी तिथे गेलो. मी प्राध्यापक आहे हे कळल्यावर दुकानदार शेठजींनी काचेच्या कपाटातून एकामागून एक पाच कॅमेरे काढून माझ्यापुढे मांडले आणि लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाच्या उत्साहाने प्रत्येकाचे गुण सांगायला सुरुवात केली.

पहिला अर्थातच रोलीफ्लेक्स. घराणे थोर, रूप देखणे. चाक असे फिरे, की जणू लोण्यातून सुरी फिरते आहे. जवळचा फोटो काढताना वरच्या काचेवरची चौकट आपोआप सरकते, अशी एक सोयही त्यात असल्याचे शेठजींनी सांगितले. ती सोय कशासाठी, हे विचारायचे मला सुचले नाही. मी किंमत विचारली, आणि उत्तर ऐकून दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळलो. दुसरा मामिया. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत भिंगे बदलण्याची खरी सोय देणारा हाच. पण त्याचे वजन पाहता त्याला उचलण्यासाठी एखादा विद्यार्थी बरोबर न्यावा लागला असता. तिसरा मिनोल्टाचा ऑटोकॉर्ड. त्याचे भिंग थोर म्हणून ऐकून होतो. परंतु चित्र स्पष्ट करण्याचा त्याचा चिमुकला दांडा वंगण थिजले असता जोर करून फिरवला तर मोडतो, हेही ऐकून होतो, आणि माझा हात हलका नाही. चौथा रशियाचा ल्युबिटेल. अंगाने हलका, किंमतीने हलका. लेनिनग्राडच्या कारखान्याने सामान्य माणसाला परवडावा म्हणून काढलेला हा गरीब कॅमेरा मला आवडला. पण त्याची दुधी काच इतकी अंधुक, की माझ्या चष्म्याने हात टेकले.

पाचवा पाहताच मी माडीवरच्या स्टुडिओत जाऊन पोहोचलो. याशिका-मॅट १२४ जी. जपानात १९७० ते १९८६ या काळात निघालेला. आमच्या काकांच्या कॅमेऱ्याचा हा धाकटा भाऊ.

तरीही मी लगेच होकार दिला नाही. शेजारच्या बाकावर एक वृद्ध दुरुस्तीवाले घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून काम करीत बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावले आणि जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगाचे होते. "नाव वाचू नका, साहेब," ते म्हणाले, "शटर एका सेकंदावर लावा आणि कान द्या." वंगण घट्ट झालेल्या कॅमेऱ्याचा एक सेकंद दोनदोन सेकंद रेंगाळतो. मग त्यांनी भिंगामागे विजेरी धरली. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगांत बुरशीचे तंतू पसरतात आणि ते काच कायमची खातात. समोरून पाहिले तर ती स्वच्छ दिसते, प्रकाश आरपार गेल्यावर जाळे उमटते. थोर घराण्यातल्या त्या पहिल्या कॅमेऱ्यातही असे जाळे निघाले. शेवटी त्यांनी फिल्मच्या जागी तेलकट कागदाचा तुकडा ताणून धरला, शटर उघडे ठेवले आणि समोरच्या पाटीवरची अक्षरे खालच्या भिंगातून कागदावर आणि वरच्या भिंगातून काचेवर सारखीच स्पष्ट आहेत की नाहीत, ते ताडून पाहायला सांगितले. "दोघांचं एकमत हवं," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही बघाल एक आणि फिल्म बघेल दुसरंच."

याशिका या तिन्ही परीक्षांत उतरला. त्याच्यातला प्रकाशमापक तेवढा बेभरवशाचा होता. तो पारा घातलेल्या बॅटरीवर चालावा अशी मूळची योजना, आणि त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. परंतु लख्ख उन्हात भिंगाचे तोंड सोळावर ठेवून शटरचा वेग फिल्मच्या अंकाइतका ठेवावा, हा जुना नियम मला ठाऊक होता. मी पैसे मोजले. डबा छातीशी धरून गाडीत बसलो तेव्हा स्वर्ग दोन बोटे उरला होता. ही दोन बोटे पुढे माझ्याशी कशी वागणार आहेत, याची त्या वेळी मला कल्पना नव्हती.

पहिले रीळ शिकण्यात गेले. दुधी काचेवरचे चित्र सुलटे असते, पण डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे होते. अंगणातले मांजर काचेत डावीकडे सरकू लागले, म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला, तर ते अधिकच डावीकडे पळाले. त्याच्या मागे वळता वळता मी तुळशीवृंदावनावर आदळलो. तीन फोटोंत गळ्यातल्या पट्ट्याचे टोक डोकावत होते. ते खालच्या भिंगासमोर लोंबत होते आणि वरच्या भिंगाला त्याचा पत्ता नव्हता. एक फोटो मात्र उत्तम आला. गच्चीवरून दिसणारा सिंहगड, बुरूज न् बुरूज रेखलेला. काचेत जसा दिसला होता तसाच, केसाचा फरक नाही. तो पाहून मला वाटले, विद्या साधली.

दुसऱ्या रिळाचे बाराही फोटो आईचे काढायचे, असे मी ठरवले. "या वयात माझा कसला फोटो काढायचा?" असे ती म्हणाली खरी, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट धारवाडी पातळ नेसून, केस नीट बसवून, ती माझ्या आधी मागच्या पडवीत खुर्चीवर येऊन बसली होती. मी तिपाई उभी केली, झाकण उघडले आणि मान खाली घातली.

"अरे, बघू कुठं मी?" आईने विचारले. "त्या वरच्या डोळ्याकडे, की खालच्या?"

"खालच्या. वरचा नुसता पाहण्यासाठी आहे."

"आणि तू कशातून बघतोस?"

"वरच्या."

"म्हणजे मी एकीकडं बघायचं आणि तू दुसरीकडून!" ती हसली. तोच पहिला फोटो.

मग ती बोलू लागली. फोन समोर धरला की तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होतो, हे मी नेहमी पाहिले होते. इथे तिच्या आणि माझ्या मध्ये कोणी नव्हते. मुलगा पुढ्यात मान खाली घालून बसला आहे, एवढेच तिला दिसत होते, आणि मान खाली घातलेल्या मुलाशी बोलण्याची तिला जन्माची सवय. माहेरच्या विहिरीची, आजोबांच्या घोड्याची, कधी न ऐकलेल्या कितीतरी गोष्टी तिने सांगितल्या. काचेत तिची चमकी दुसऱ्या नाकपुडीवर आणि पदर दुसऱ्या खांद्यावर दिसत होता. ती स्वतःला आरशात जशी पाहत असेल तशीच मला दिसते आहे, हे माझ्या ध्यानात आले आणि त्या कल्पनेवर मी बेहद्द खूश झालो. आठ फोटो दुरून घेतल्यावर मी तिपाई अगदी जवळ, वावभर अंतरापेक्षाही कमी, म्हणजे एक मीटरवर आणली. चौकटीत आता आईचे केस, चेहरा आणि पोटापर्यंतचे पदराचे काठ एवढेच बसले होते. वरची कड केसांना, खालची कमरेला. पडवीतला उजेड पाहून शटर तीसांश सेकंदावर लावले आणि चार फोटो घेतले.

फिल्म धुऊन आणि छापून यायला दहा दिवस लागले. बाराही चौकोन एकाच कागदावर छापून आले होते. दुरून घेतलेले आठ फोटो पाहून मी पत्नीला हाक मारली. शेवटचे चार पाहिले आणि हाक घशातच राहिली. चारही फोटोंत आईच्या डोक्याचा वरचा भाग कापला गेला होता. मी इतक्या काळजीने जुळवलेली चौकट जणू कोणी खाली ओढली होती.

कारण उमगायला वेळ लागला नाही. पाहणारे भिंग वर, टिपणारे खाली. दोहोंत चार-पाच सेंटिमीटरांचे, म्हणजे अडीच बोटांचे अंतर. सिंहगडाला त्या अंतराची काय क्षिती? पण माणूस मीटरभर अंतरावर आणून बसवला, की अडीच बोटे भारी पडतात. वरचे तेवढे कापले जाते आणि खालचे तेवढे आत येते. थोर घराण्यातल्या कॅमेऱ्याची ती सरकती चौकट यासाठी होती. मामियासाठी तर तिपाईवर बसवण्याची एक स्वतंत्र चीजच मिळे. नेम धरून झाला, की ती सबंध कॅमेरा नेमका तेवढाच वर उचलते, म्हणजे जिथून पाहिले तिथेच टिपणारे भिंग येते.

वरचे काय गेले ते पाहून चुकचुकणे झाल्यावर, खाली काय आले ते पाहावे म्हणून मी टेबलावरचे भिंग घेतले. चारही फोटोंत, अगदी खालच्या कडेला, आईचे हात आले होते. डाव्या हाताने तिने उजवा हात मनगटाशी घट्ट धरला होता. डाव्या हातातल्या पाटलीची नक्षी मोजता येत होती. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट होती. उजव्या हाताची बोटे मात्र चारही फोटोंत पुसट होती. तीसांश सेकंदही ती स्थिर राहिली नव्हती.

मी एक मीटरवर बसलो होतो. मान वर केली असती तर ते हात मला दिसले असते. पण ते काचेत नव्हते, म्हणून माझ्या लेखी ते नव्हतेच.

त्यानंतर दोन दिवस मी आईकडे लक्ष ठेवले. तांदूळ निवडताना, वाती वळताना, पोथीचे पान उलटताना तिचा हात आमच्या कोणाहीइतका स्थिर असे. काम संपले, ती नुसती बसली, की हात पदराखाली जाई. हा विकार असाच लबाड असतो, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले: हात विसाव्याला असला की थरथरतो, कामाला लागला की शांत होतो. आणि आईला आम्ही बहुतेक कामातच पाहत आलो होतो. ती नुसती बसलेली असताना तिच्यापाशी बसायला आमच्या घरात वेळ कोणाला होता? कवितेत जे सांगितलेले नाही ते कसे ओळखावे, हे मी तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो कागद आणि भिंग तिच्यापुढे ठेवले. तिने एकेक फोटो सावकाश पाहिला. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

"हात कशाला घेतलेस?" तिने विचारले.

"मी नाही घेतले, आई. आपोआप आले."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराखालचा हात बाहेर काढून तिने माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो लहान पाखरासारखा थरथरत होता. "दिवाळीपासून होतंय," ती म्हणाली. "हिच्या परीक्षा होत्या, तुझे पेपर तपासायचे होते. आणि म्हातारपणी हात हलायचाच. त्यात सांगायचं काय?"

दिवाळीपासून म्हणजे सात महिने. सात महिने एका घरात, एका ताटापासून दुसऱ्या ताटापर्यंतच्या अंतरावर बसून आम्ही जेवत होतो.

डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले. तो बरा होत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. वेळेवर औषध आणि रोजचे चालणे यांनी पुष्कळ काळ आटोक्यात राहतो, हेही सांगितले. आईने दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे ऐकून घेतल्या. आता गोळ्यांच्या वेळा मुलगी सांभाळते. त्यासाठी तिचा तो फोन न चुकता वाजतो, आणि त्या यंत्राविषयी माझी तक्रार उरलेली नाही. संध्याकाळी आईबरोबर टेकडीच्या पायथ्यापर्यंत मी जातो. ती पूर्वीपेक्षा हळू चालते. गोष्टी मात्र भरभर सांगते.

मी पुष्कळदा त्या अडीच बोटांचा विचार करतो. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांविषयी, शेजाऱ्यांविषयी, वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्यांविषयी माझे अंदाज सहसा चुकत नाहीत, असा माझा लौकिक आहे. ही सारी सिंहगडाच्या अंतरावरची माणसे. मी त्यांना पाहतो आणि ती आहेत, यांतला फरक त्या अंतरात विरून जातो. जिच्याविषयी मी कधी अंदाज बांधण्याची गरजच मानली नाही, ती माझ्यापासून एका मीटरवर होती. याशिकाच्या कारखान्याने जवळच्या माणसासाठी निराळी सोय केली नाही, हा काही त्याचा मोठा दोष म्हणता येणार नाही. तशी सोय माझ्यातही कोणी केलेली नव्हती.

हल्ली जवळचा फोटो घेताना, चौकट मनाजोगी जुळली, की मी तिपाईची मधली दांडी अडीच बोटे वर उचलतो आणि मगच खटका दाबतो. त्यामुळे माझ्या फोटोंतली डोकी आता शाबूत असतात. पत्नीने आणि मुलीनेही आपापले फोटो पसंत केले आहेत. महिन्यातून एका रविवारी पडवीत आईची खुर्ची मांडतो. तिच्या वेळी मात्र मी दांडी उचलीत नाही. केस थोडे कापले जातात. पण हात येतात.